भारतरावांच्या मॉरिसचे ब्रेक

मॉरिस विकायचं प्रतिभाबाईंनी ठरवलं ते नवऱ्याला न विचारता. आदिलाबादजवळच्या बेला गावच्या मराठी शाळेत त्या शिकवत होत्या आणि गावात त्यांचा शब्द सहसा कुणी मोडत नसे. घरात मात्र ही गाडी म्हणजे भारतरावांचा जीव होता.

भारतराव बेल्लमपल्लीला कोळसा खाणीच्या वर्कशॉपात होते. तिथल्या एका ओस बंगल्यामागे, बाभळीच्या काट्यांत, ही उघड्या टपाची विलायती गाडी गंजत पडली होती. पाय ठेवला की तळाचा पत्रा भुसभुशीत होऊन खाली पडायचा. लिलावात कुणी तिला हात लावला नाही, म्हणून त्यांनी उचलली. रिटायर होऊन गावी आल्यावर त्यांनी नवा पत्रा ठोकला, कापडी टप शिवून घेतला, गर्द हिरवा रंग दिला. मूळ गाडीत नव्हतं तेही बसवलं: पाच गिअरचा बॉक्स आणि पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक. ब्रेकपायी तर एक अख्खा उन्हाळा गेला. जुन्या ब्रेकनं गाडी थांबवायची म्हणजे आधी तिला विनवावं लागतं, असं ते म्हणत.

मग त्यांची नजर अधू झाली. समोरचं धूसर, कडेचं तेवढं दिसे. डॉक्टरांनी गाडी चालवायची बंदी केली होती. तरी एके दुपारी, बाई शाळेत असताना, त्यांनी मॉरिस बाहेर काढली. शाळा नुकतीच सुटली होती. फाटकात उभ्या असलेल्या बाईंना हिरवी गाडी येताना दिसली आणि रस्ता ओलांडणारी चौथीतली रुपाही दिसली. बाई किंचाळल्या. त्या आवाजावर भारतरावांनी ब्रेक दाबला. गाडी थांबली तेव्हा बंपर मुलीच्या दप्तराला टेकला होता.

घरी आल्यावर बाई एवढंच म्हणाल्या, "ही गाडी आता या घरात राहणार नाई."

तेव्हापासून भारतराव त्यांच्याशी कामापुरतं बोलत.

गिऱ्हाईक हैदराबादचं मिळालं. सुरेंदर राव नावाचे गृहस्थ, जुन्या गाड्यांचे शौकीन. सोबत बायको होती, शुभांगी. ती मूळची वणीची, म्हणून बोलणं मराठीत झालं. रावांनी बॉनेट उघडून पाहिलं, खाली वाकून पाहिलं आणि एक चक्कर मारतो म्हणाले. भारतराव ओट्यावरून उठले नाहीत. तेव्हा बाई रावांशेजारी बसल्या, शुभांगी मागे.

आदिलाबादच्या रस्त्याला लागताच रावांनी वेग घेतला. टप उघडा होता, वाऱ्यानं बाईंचा पदर उडत होता. हळू घ्या म्हणून त्यांनी सांगितलं, ते रावांना ऐकू गेलं नाही की त्यांनी ऐकलं नाही, कोण जाणे. पुढे पऱ्हाटीच्या वावरातून कापसानं भरलेली बैलगाडी एकदम रस्त्यावर आली आणि बैल मधोमध उभे राहिले. दुसऱ्या अंगानं मोटरसायकलवाला येत होता. वळवायला जागा नव्हती. रावांनी दोन्ही पाय रोवले. बाईंनी डोळे मिटले. शुभांगीचं कपाळ पुढच्या सीटवर आपटलं. गाडी सरळ रेषेत थांबली आणि बैलाचं फुरफुरणं अगदी जवळून ऐकू आलं.

गाडी परत अंगणात आली. राव पाणी प्यायले, हात पुसले, गाडी पसंत आहे म्हणाले. मग सहज सांगावं तसं त्यांनी सांगितलं, की हे डिस्क ब्रेक आणि गिअरबॉक्स ते काढून टाकणार. शोमध्ये अस्सल जुन्या सामानालाच मान असतो.

भारतरावांनी मान खाली घातली. बोलल्या त्या बाई.

"गिअरचं तुमचं तुमी पाहा. पण ब्रेक काढणार असाल तर आमाले विकायची नाई."

राव हसले. विकत घेतल्यावर गाडी माझी, मी काय करावं ते मी ठरवीन, म्हणाले.

"म्हणूनच विकत नाई," बाई म्हणाल्या.

राव उठले. शुभांगी कपाळ धरून त्यांच्यामागे गेली. त्यांची मोटार गल्लीबाहेर पडली. दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. मॉरिस अंगणात होती आणि किल्ली भारतरावांच्या मुठीत. उद्या आपण शाळेत गेल्यावर काय?

"तुलेच घालवायची होती ना ती," भारतराव म्हणाले. "मंग काऊन अडवलं?"

"मले गाडी घालवायची होती. तुमी केलेलं काम मोडीत नव्हतं घालायचं. ते ब्रेक नसते तर रुपा नसती. आज मीबी नसती."

भारतरावांनी चाचपत बाईंचा हात धरला आणि किल्ली त्यात ठेवली.

"मी मागितली तरी देऊ नको."

संध्याकाळ व्हायच्या आत शुभांगीचा फोन आला. हैदराबादच्या वाटेवर नेरडीगोंड्याला दोघं चहाला थांबले होते. आदिलाबादपासून दोघांचं भांडण चाललं होतं, असं तिनं सरळ सांगितलं. "ब्रेक तसेच राहतील, ताई. त्या गाडीत मीही बसणार आहे, असं सांगितलं मी त्यांना." मग राव स्वतः फोनवर आले आणि तेच, जरा कमी शब्दांत, म्हणाले.

गाडी न्यायला ट्रक आला तेव्हा चालकानं फळ्या लावल्या. भारतरावांनी त्याला थांबवलं, गाडी प्रतिभा चढवेल म्हणाले. गावातल्या गावात बाई ती हळूहळू चालवत असत, पण फळीवर कधी चढवली नव्हती. भारतराव शेजारी बसले, हँडब्रेकवर हात ठेवून. अर्ध्यावर चाक घसरलं, गाडी मागे सरकली.

"दाब," ते म्हणाले. "ती थांबते."

बाईंनी ब्रेक दाबला. गाडी जागच्या जागी थांबली. त्यांनी श्वास घेतला, पहिला गिअर टाकला आणि मॉरिस वर नेली.