आधी झाकण उघडा

एखाद्या माणसावर लिहावं एवढी माझी तयारी नाही, हे आधीच सांगतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. आजवर लिहिल्या त्या परीक्षेच्या उत्तरपत्रिका, आणि बहिणीच्या लग्नात पाकिटांवरची नावं. पण किसनमामांबद्दल दुसरं कुणी लिहील असं दिसत नाही, म्हणून हे धाडस करतो आहे. काही कमी-जास्त झालं तर सांभाळून घ्यावं.

भंडारदऱ्याला धरण बांधत होते त्या काळात गोऱ्या इंजिनियरसाठी उभारलेला एक दगडी बंगला आहे. जाड भिंती, उतरतं छप्पर, पुढे लांब व्हरांडा. आमच्याकडे त्याला अजून साहेबाचा बंगलाच म्हणतात. तो भाड्याने घेऊन किसनमामांनी तिथे खानावळ काढली, आणि तीही ग्रीक. खिडक्यांना निळा रंग दिला आणि दारावर पाटी लावली, ‘ताव्हेर्ना’. खाली बारीक अक्षरांत, ‘ग्रीक पद्धतीची खानावळ. दारू मिळत नाही.’ ही दुसरी ओळ त्यांनी नंतर घातली, कारण सुरुवातीला गावातले बरेच जण भलत्याच आशेने येऊन गेले होते.

मी सुट्टीत घरी आलो असताना नुसती पाटी वाचून तिथे गेलो. ग्रीस नकाशात कुठे आहे तेवढं ठाऊक होतं, तिथली माणसं काय जेवतात ते ठाऊक नव्हतं. चपला काढून दारात उभा राहिलो, तर आतून आवाज आला, “उंबऱ्यावर इस्टेट हाय का तुझी? आत ये.” मी बाकावर बसायला गेलो. “तिथं न्हाई. आत. सैपाकघरात.”

चुलीवर आणि शेगडीवर पातेली मांडलेली होती. त्यांच्यामागे पांढऱ्या मिशांचा, खांद्यावर पंचा टाकलेला धिप्पाड माणूस उभा होता. म्हणाला, “आधी झाकण उघड. मग सांग काय खातो ते.” हाच तिथला नियम. मेनूकार्ड नाही. आलेल्या प्रत्येकाने स्वयंपाकघरात जायचं, एकेक झाकण उचलायचं, वास घ्यायचा, हवं तर चमच्याने चाखायचं आणि बोट दाखवायचं. टोमॅटोत मंद शिजवलेली डबल बी, लिंबू पिळलेलं बोकडाचं मटण, वांग्याचे काप आणि खिमा यांचे थर. दही, काकडी आणि लसूण कालवून केलेला एक प्रकार होता, त्याचं नाव मामा फार ऐटीत घ्यायचे. त्यांची बहीण सखूमावशी पलीकडे भाकऱ्या थापत असायची. ती म्हणायची, “काकडीची कोशिंबीर हाय ती. बोटीतून आली म्हनून लई भाव खातीय.”

मामा तरुणपणी जहाजावर खलाशांचा स्वयंपाक करायचे. एकदा जहाज ग्रीसच्या एका बंदरात अडकून पडलं. “खिशात थोडंफार हुतं, भूक बी हुती, पन भाषा न्हाई,” ते सांगायचे. “एका जुन्या घरातल्या खानावळीबाहेर नुसता घुटमळत हुतो. आतनं एक म्हातारी आली. माझं मनगट धरलं आन् थेट चुलीपाशी नेऊन उभा केला. एकेक झाकण उघडून दावलं. भाषा नव्हती, पन बोट हुतं ना! आरं, आपल्या गावात मला कुनी सैपाकघरात हात धरून नेलं नव्हतं.” पुढे जहाज गेलं, मामा त्याच खानावळीत राहिले. म्हातारी वारल्यावर परत आले.

मला प्रश्न विचारायची खोड आहे आणि मामांना उत्तरं द्यायची हौस होती, त्यामुळे प्रत्येक सुट्टीत माझ्या फेऱ्या होऊ लागल्या. कोण आधी कोणतं झाकण उघडतो याच्याकडे त्यांचं बारीक लक्ष असे. म्हणायचे, “पहिलं झाकण मानूस वळखीच्या वासाचं उघडतो. दुसरं उघडतो तवा खरा पाव्हना झाला.”

एकदा मी वडिलांना घेऊन गेलो. बाबा वर्षानुवर्षं राहात्याकडे ऊसतोडीला जात. माझे आजोबा याच बंगल्यावर पाणी भरायचे; त्यांना मागच्या हौदापर्यंत जायची मुभा होती, त्यापुढे नाही. बाबा व्हरांड्याच्या पायरीवर बसले ते बसलेच. “मी हितंच बरा. काय असंल ते भाईर आना.”

मामा पंच्याला हात पुसत बाहेर आले. “तुमचं पोरगं मला मामा म्हनतं. म्हंजी तुमी माझे दाजी. दाजीला पायरीवर जेवू घातलं तर लोक मला काय म्हनतील?”

बाबा हसले, पण हलले नाहीत. तेव्हा मामांनी जे केलं ते मी विसरणार नाही. त्यांनी आतली पातेली एकेक करून उचलली आणि बाबांपुढे पायरीवर ओळीने आणून ठेवली. आत पर्यटकांचा एक घोळका खोळंबला होता. ते सगळे पातेल्यांमागोमाग बाहेर आले. “उघडा, दाजी.”

“कशाला एवढं? द्या काय बी.”

बाबांनी झाकणाला हात लावला नाही. शेवटी मामांनीच डबल बी वाढली. बाबांनी खाली मान घालून ताट स्वच्छ केलं. “कसं झालंय?” “चांगलं हाय.”

मग मामांनी स्वतः घास घेतला आणि त्यांचा चेहराच उतरला. गडबडीत मीठ घालायचं राहून गेलं होतं.

“दाजी, बिनमिठाचं खाल्लं तुमी! आन् वर चांगलं म्हनता?”

“वाढलेलं खायाचं. दुसरं आमाला ठावं न्हाई,” बाबा म्हणाले. त्यात राग नव्हता.

मामा त्यांच्या शेजारी पायरीवर बसले आणि तीच अळणी डबल बी भाकरीबरोबर मुकाट्याने खाऊ लागले. सखूमावशी मिठाची बरणी घेऊन आली, तिला त्यांनी हातानेच परत पाठवलं. निघताना मला बाजूला घेऊन म्हणाले, “तुझा बाप एक दिवस आत येनार. झाकण उघडनार आन् माझं चुकलेलं माझ्या तोंडावर सांगनार. तवर ही खानावळ काय बंद हुत न्हाई.” त्यानंतर मी सुट्टीत खानावळीत गेलो की मामांचा पहिला प्रश्न ठरलेला असे, “दाजी कवा येत्यात?” मी बाबांना विचारायचो. बाबा म्हणायचे, “बघू.”

गेल्या परीक्षेच्या वेळी मी नगरलाच, कॉलेजात होतो. शेवटचा पेपर देऊन बाहेर आलो आणि बाबांचा फोन आला. पेपर कसा गेला ते विचारलं. मग म्हणाले, “तुझे मामा गेले. झोपेतच. तुझे पेपर चालू हुते, म्हनून कुनी कळवलं न्हाई. काल तेरावा झाला.”

मी कॉलेजच्या पायरीवर बसलो. बाबा सांगत राहिले. तेराव्याचं जेवण बंगल्यावरच होतं. लोक व्हरांड्यात पंगत धरून बसायला लागले, तर सखूमावशी दारात आडवी उभी राहिली. भाऊ सांगून गेलाय म्हणाली, आधी आत चला. लोक एकमेकांची तोंडं बघत उभे राहिले.

“मग?” मी विचारलं.

“मग काय? मी गेलो पुढं,” बाबा म्हणाले. “एक झाकण उघडलं, मग दुसरं उघडलं. त्यात ती डबल बी हुती. चाखून बघितली.” पलीकडे ते जरा खाकरले. “मीठ कमी हुतं. सांगितलं मी तिला तसं.”