पायातलं काढून

“मी नाही येत, तुम्ही जाऊन या,” म्हणत काकू धक्क्यावरच बसल्या. काकू म्हणजे निखिलची आई. काका गेल्यावर तो त्यांना अमेरिकेत, मॉरिसव्हिलला घेऊन आला, पण त्या घराबाहेर पडतच नाहीत. सुट्टीला त्यांना ओढूनताणून सेंट थॉमस या कॅरिबियन बेटावर आणलं, आणि आज आम्ही मित्रांनी दिवसभरासाठी यॉट भाड्याने घेतली, ती त्यांच्यासाठीच.

कॅप्टनने टोपली पुढे केली. डेकवर बूट-चपला चालत नाहीत.

काकू वळल्या. “हे लोकही पायातलं बाहेर काढतात?”

“बोटीवर तरी काढतात. ये ना यार,” निखिल म्हणाला.

“मेल्या, आईला यार म्हणतोस? हात दे.”

दिवसभर त्या अनवाणी, पुढच्या टोकाला वाऱ्यात बसल्या.

घरात बसलेल्या माणसाला तुम्ही कसं बाहेर काढता?

दुसऱ्या दिवशी सकाळची भर: आम्ही उठलो तेव्हा काकू चपला घालून हॉटेलच्या दाराशी उभ्या होत्या.