कापूस येईपर्यंतचं मैदान

हे मी कुणाला सांगायचं नव्हतं. आमच्या क्लबला खेळ शिकवणाऱ्या अक्कांनी मला क्लबचा इतिहास लिहायला सांगितला, तोही एका पानात, कारण माझं अक्षर बरं आहे आणि मी फार बोलत नाही. मी नऊ पानं लिहून नेली. अक्कांनी लाल पेन घेतला, आठ पानांवर फुल्या मारल्या आणि हे आपल्यातच राहू दे म्हणाल्या. पण मैदानावर अशी गोष्ट दर आठवड्याला एक तरी होते. आपल्यातच ठेवायच्या म्हटल्या तरी किती ठेवणार? म्हणून फुल्या मारलेली पानं इथे उतरवते आहे.

ते एक पान कशाला हवं होतं, ते आधी सांगते.

आमचा क्लब पारोळ्याबाहेर, धुळ्याच्या रस्त्याला, आबांच्या जिनिंगच्या आवारात खेळतो. कापसातून सरकी वेगळी काढायचा हा कारखाना दिवाळीपासून होळीपर्यंत चालतो. बाकीचे महिने आवार रिकामं असतं, तेव्हा ते आमचं. आबांनी ते तोंडी दिलंय, कागद काही नाही. आता आबा थकले आणि कारभार त्यांच्या मुलाकडे, भाऊंकडे आला. मागच्या साली उघड्यावरचा कापूस अवकाळी पावसात भिजला, तेव्हापासून भाऊंनी ठरवलं की आवारात शेड उभी करायची. त्यात त्यांची काही चूक नाही. पण शेड झाली तर आम्हाला दुसरी जागा नाही आणि क्लब संपला. भाऊ एका रविवारी आमचा खेळ बघायला येणार होते, आणि त्यांच्यासमोर ते पान मी वाचायचं होतं. मी! वर्गात मी हजेरी देते तेव्हासुद्धा बाई दोनदा विचारतात.

*

आमचा खेळ टच फुटबॉल. नाव फुटबॉल असलं तरी पायाचं काम फक्त पळायचं. बॉल लंबगोल असतो, तो हातात घेऊन पुढे पळायचं, पण पास मात्र मागेच द्यायचा. समोरच्याने नुसता हात लावला की थांबायचं, बॉल खाली ठेवायचा आणि ओलांडायचा. सहा वेळा हात लागला की बॉल दुसऱ्या संघाला. पाडापाडी नाही, ओढाओढी नाही.

अक्का शाळेत खो-खो शिकवतात. धुळ्याला एका शिबिराला गेल्या होत्या, तिथे हा खेळ त्यांनी पहिल्यांदा पाहिला. सकाळी पळणं आणि पास शिकवले. दुपारी जेवणात वांग्याचं भरीत होतं. जेवणानंतर गुण कसे मिळवायचे ते सांगितलं, आणि अक्का म्हणतात की त्या भागात त्यांचं थोडं दुर्लक्ष झालं. शेजारी बसलेल्या बाई सांगतात की अक्का घोरत होत्या.

जाग आली तेव्हा समोर एक मुलगी शेवटच्या रेघेपलीकडे बॉल घेऊन खाली वाकली होती. अक्कांना वाटलं, ती बसते आहे. म्हणजे रेघेपलीकडे जाऊन बसलं की गुण! त्यांनी तसंच पारोळ्यात येऊन शिकवलं. आमच्याकडे गुणाला अजून बैठक म्हणतात. आज किती झालं विचारलं तर उत्तर येतं, चार बैठका.

*

पहिला बॉल विकतचा नव्हता. जिनिंगमध्ये काय मिळणार? आबांनी जुन्या गोणपाटाची लांबट पिशवी शिवून घेतली आणि वजन यावं म्हणून आत सरकी भरली. बॉल उत्तम झाला. फेकला की सरळ जायचा, खाली पडला की जागेवर थांबायचा.

एका संध्याकाळी खेळताना सगळे पाणी प्यायला गेले आणि बॉल मधोमध राहिला. परत येऊन बघतात तर एक म्हैस बॉल खात उभी. अर्धा संपला होता. गोकुळ, म्हणजे हायवेवरच्या गॅरेजमध्ये काम करणारा आमचा सगळ्यात वेगवान खेळाडू, तिच्यामागे धावला. म्हैस शांतपणे बॉल घेऊनच निघाली. गोकुळ आजही शपथेवर सांगतो की ती थेट रेघेपलीकडे गेली आणि बसली.

म्हैस आमचीच होती. माझी प्रमिला काकू रात्रभर ओशाळली आणि दुसऱ्या दिवशी चिंध्यांचा नवा बॉल शिवून घेऊन आली. गोकुळ आधी जरा फणकाऱ्याने बोलला, तर काकू म्हणाली, "सरकी शे ती. म्हैस खाई नही तं काय पूजा करी?"

बॉल देऊन ती निघणार, तेवढ्यात कुणीतरी तो तिच्याकडेच फेकला. काकूने तो झेलला आणि साडीचा पदर खोचून जी पळाली, ती आवाराच्या टोकाला जाऊन थांबली. कुणाला हातच लावता आला नाही. क्लबमध्ये काकू अशी आली, आणि काकूमागून मी. इतिहासाच्या पानात अक्कांनी लिहायला लावलं, "हळूहळू महिलांचाही सहभाग वाढला."

*

पण महिलांचा सहभाग वाढला म्हणजे घरी प्रश्न आला. काकांनी विचारलं, या खेळात परके पुरुष हात लावणार का? काकूने ते अक्कांना सांगितलं. अक्का घरी येऊन भांडतील असं मला वाटलं होतं, पण त्यांनी दुसऱ्या दिवशी डझनभर पांढरे रुमाल आणले. प्रत्येकाने एक हातात धरायचा, आणि रुमाल लागला की टच झाला.

काका तीन संध्याकाळी फाटकाशी उभे राहून बघत होते. गोकुळ रुमाल झटकत काकूमागे धावायचा, काकू वळायची, गोकुळ सरळ निघून जायचा. चौथ्या दिवशी काका अक्कांपाशी आले आणि म्हणाले, "हे रुमाल कशाला आणले? ती सापडते का कुणाला?"

रुमाल तरी राहिलेच. घाम पुसायला बरे पडतात.

*

त्या रुमालांसकट आम्ही धुळ्याला पहिल्या स्पर्धेला गेलो. सहा जण रांगेत आत आले, प्रत्येकाच्या हातात रुमाल. पंचांनी अक्कांना बाजूला बोलावून हळूच विचारलं, खेळायच्या आधीच माघार घेताय का?

रुमाल बाहेर ठेवायला लागले. मग खेळ सुरू झाला आणि गोकुळ रेघेपलीकडे पोचला. पोचला आणि मांडी घालून बसला. मागोमाग आमचे बाकीचे पाचही जाऊन त्याच्या बाजूला बसले, कारण आमच्यात सगळ्यांनी बसायचं असतं. पंचांना वाटलं कुणाला चक्कर आली, ते पाण्याची बाटली घेऊन पळत आले. नियमांचं पुस्तक काढलं गेलं. पुस्तकात लिहिलं होतं की बॉल रेघेपलीकडे जमिनीला टेकवायचा. गोकुळ बसला तेव्हा बॉल जमिनीला टेकलेलाच होता. गुण मिळाला.

त्या दिवशी आम्ही सगळे सामने हरलो. निघताना समोरच्या संघाची कॅप्टन आमचा चिंध्यांचा बॉल हातात घेऊन बराच वेळ बघत राहिली, मग आपला खरा बॉल काकूच्या हातात ठेवून चिंध्यांचा घेऊन गेली. तो खरा बॉल आम्ही अजून वापरतो. वर्षभराने परत धुळ्याला गेलो, तर त्या कॅप्टनच्या संघाने पहिला गुण केला आणि सहाही जण खाली बसले.

*

आता माझा एक किस्सा. अक्कांनी यावर फुली मारली नव्हती, मीच मारली होती.

मला विंगवर, म्हणजे अगदी कडेला उभं करतात. पास हवा असेल तर ओरडायचं असतं. मी ओरडत नव्हते. चार महिने मी कडेला उभी राहून इकडून तिकडे पळाले आणि बॉलला एकदाही हात लागला नाही. मला वाईटही वाटत नव्हतं, सवय झाली होती. एक दिवस गोकुळने खेळ थांबवला आणि सगळ्यांना सांगितलं की ही पोरगी बोलत नाही, म्हणून तिच्याकडे बघायचं. आपण सगळे कानाने खेळतो, एका बाजूला डोळ्याने खेळू.

तेव्हापासून ज्याच्या हातात बॉल असतो तो आधी एकदा माझ्याकडे बघतो. मी मान हलवली तर बॉल येतो. समोरच्या संघाला कळतच नाही, कारण कुणी ओरडलेलं नसतं. माझ्या आतापर्यंत एकोणीस बैठका झाल्या आहेत. गोकुळला मी अजून धन्यवाद म्हटलेलं नाही. म्हणायला तोंड उघडावं लागेल.

*

आबांबद्दल मी लिहिलेलं सगळंच फुलीत गेलं, कारण आबांना स्वतःबद्दल काही लिहिलेलं चालत नाही.

दरवर्षी कापसाची पहिली गाडी फाटकात आली की आमचा मोसम संपतो. एका वर्षी शेवटचा सामना रंगात आला होता, दोन्हीकडे तीन-तीन बैठका, आणि फाटकात ट्रॅक्टर येऊन उभा राहिला. आम्ही चपला गोळा करायला लागलो. आमच्या मैदानाची रेघ म्हणजे चपलांची रांग असते. आबांनी खुर्चीवरून हात केला, ट्रॅक्टरवाल्याला इंजिन बंद करायला लावलं आणि आम्हाला म्हणाले, चपला ठेवा.

कापूस घेऊन आलेले एक शेतकरी बाबा ट्रॅक्टरवरून खाली उतरले, आबांच्या शेजारी उभे राहून बघायला लागले. थोड्या वेळाने त्यांनी अक्कांना विचारलं, "बठ्ठा पुढे पयतस, मंग चेंडू मांगे काबरं फेकतस?" बठ्ठा म्हणजे सगळे.

अक्का म्हणाल्या, "मागून येणाऱ्याला मिळावा म्हणून."

बाबा ट्रॅक्टरच्या सावलीत बसत म्हणाले, खेळा मग, कापूस काय पळून जातो?

*

आणि आता गेला रविवार. हा तर नऊ पानांतही नव्हता, कारण तेव्हा घडलाच नव्हता.

आम्ही पोचलो तर मिस्त्रीने आधीच येऊन शेडचं माप टाकलं होतं. चार कोपऱ्यांत खुंट्या आणि मधून फक्कीच्या पांढऱ्या रेघा. गोकुळ खाली बसून बुटाची नाडी बांधत राहिला, ती सुटलेली नव्हती. अक्का रेघेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेल्या आणि परत आल्या. शेवटी काकू म्हणाली, "रेघा तं सरळ शेतस. आजना दिवस चपला पायमा राहू द्या."

आम्ही शेडच्या रेघांच्या आत खेळायला उभे राहिलो. इतक्या वर्षांत आमच्या मैदानाला पहिल्यांदाच खऱ्या रेघा होत्या.

भाऊ मिस्त्रीला घेऊन आले. आबा फाटकाजवळ खुर्चीवर होते. अक्कांनी मला खूण केली. मी पान हातात घेऊन पुढे गेले, तोंड उघडलं, आणि काहीच बाहेर आलं नाही. सगळे वाट बघत होते, भाऊसुद्धा. मग तेच म्हणाले की राहू दे, आधी खेळा, मी बघतो. पान त्यांनी माझ्या हातातून घेतलं आणि न वाचता खिशात ठेवलं. मला तिथेच जमिनीत जावंसं वाटलं. क्लबसाठी मला एकच काम होतं.

पहिला काही वेळ भाऊ फोनवर बोलत होते. मग फोन खाली आला. मग ते रेघेला लागून आमच्या बरोबरीने चालायला लागले. गोकुळने बॉल काकूकडे दिला, काकू अगदी कडेने पळाली, दोघांना चुकवलं आणि कोपऱ्यात जाऊन बसली. आम्ही सगळे बसायला धावलो.

"बाहेर," भाऊ म्हणाले. "पाय रेघेवर पडला."

सगळे वळून बघायला लागले. काकू बसल्या जागेवरून म्हणाली, "कोणती रेघ, भाऊ?"

"ही. माझ्या शेडची."

"तुमनी रेघच तिरकी शे."

भाऊंना ते लागलं. त्यांनी मिस्त्रीला टेप आणायला लावला आणि स्वतः गुडघे टेकून मापायला बसले. पांढरी पँट होती, तिला फक्की लागली. एकदा मापलं, दुसऱ्या बाजूने मापलं. मिस्त्री दुसरीकडेच बघत होता. कोपऱ्यात रेघ हातभर आत आली होती. आबा खुर्चीवरून उठून तिथपर्यंत चालत आले.

भाऊ उभे राहिले, गुडघे झटकले आणि म्हणाले, "बैठक धरा. पुढच्या रविवारी रेघ नीट मारून देतो."

कुठली रेघ, ते कुणी विचारलं नाही.

आज तो रविवार आहे. मी भिंतीला टेकून हे लिहिते आहे. मिस्त्री फक्कीचं घमेलं घेऊन आलाय, जुन्या खुंट्या उपटून एका बाजूला टाकल्या आहेत. भाऊ दोरीचं एक टोक धरून उभे आहेत आणि अक्कांना मैदानाची लांबी-रुंदी विचारताहेत. अक्का आकडा सांगताहेत, आणि आत्ता भाऊंनी माझ्याकडे बघून हाक मारली, "ए पोरी, ते लिहिणं ठेव, हे दुसरं टोक धर," म्हणून मी