पास्कूमामा म्हणतील त्याच्या उलट

वाडीतले आम्ही जुने लोक कुठेही भेटलो, लग्नात म्हणा की बाराव्याला म्हणा, पहिली दहा मिनिटं गुडघेदुखीवर जातात. मग कुणीतरी म्हणतंच, "पास्कूमामांची पिल्लं आठवतात का गं?" झालं! एक किस्सा काढला की त्याच्या मागून दुसरा येतो. मागे एका बाराव्याला आम्ही बायका इतक्या हसलो की घरच्या बाई उठून आत गेल्या. चुकलंच आमचं, पण करणार काय?

सत्तर सालच्या आसपासची गोष्ट. बोरीवलीत मामांची वाडी, वाडीत आठ खोल्या आणि एक विहीर. मामा तिथल्याच जुन्या ख्रिस्ती घरातले, आपल्यासारखंच मराठी बोलणारे. मरोळला कारखान्यात फिटर होते. आम्ही भाडेकरू सगळे कोकणातले, गिरणीवाले. मामांना नाद एकच, कोंबड्या! कुठल्याशा सरकारी पोल्ट्रीतून त्यांनी एक पांढराशुभ्र, लेगहॉर्न नावाच्या विलायती जातीचा कोंबडा आणला आणि आपल्या गावठी कोंबड्यांत सोडला. पिल्लं झाली ती ना इकडची ना तिकडची. एक राखाडी, एक ठिपक्यांचं, एकाची मानच उघडी.

आता गंमत अशी, की गावठी पिल्लाचा तुरा लवकर लाल झाला की तो कोंबडा, हा मामांच्या आजोबांपासूनचा नियम. पण त्या लेगहॉर्नच्या घराण्यात बायकासुद्धा भला मोठा तुरा मिरवतात! आणि गावठी आईवर गेलेले कोंबडे आपले लाजतलाजत उशिरा तुरा काढतात. हे मामांना कोणी सांगावं? सांगितलं तरी ऐकणार कोण?

*

पहिल्या खेपेला सहा पिल्लं. मामांनी एकेकाला उलटं धरलं, तुरा चाचपला, कोंबड्यांच्या पायाला लाल चिंधी बांधली आणि तलंगांच्या पायाला काळी. तलंग म्हणजे अजून अंड्यावर न आलेली कोंबडी. "बघून ठेवा! पास्कूची नजर आहे ही."

पाच-सहा महिन्यांनी काळ्या चिंध्या आरवायला लागल्या आणि लाल चिंध्या अंडी घालायला लागल्या. एखाददुसरं चुकतं हो माणसाचं. पण सहाच्या सहा? त्यालाही अक्कल लागते!

मामा शांतपणे म्हणाले, "चिंध्यांचा रंग गेला असेल धुऊन."

*

त्यातली एक लाल चिंधी आमच्या घरी होती. आमच्या ह्यांनी कौतुकानं तिचं नाव ठेवलं पैलवान. रोज संध्याकाळी तिला मांडीवर घेऊन सांगायचे, "बेट्या, छाती काढून चालायचं."

एका सकाळी हे कामाला निघाले, बुटात पाय घातला आणि ओरडले. मी धावत बाहेर. बघते तर मोजा पिवळाजर्द! पैलवाननं बुटात अंडं घातलं होतं. मला हसू आवरेना. हे मात्र आठवडाभर तिच्याशी बोलले नाहीत. अपमान कुणाचा झाला होता देव जाणे.

*

दुसऱ्या खेपेलाही सगळी उलटी. तेव्हापासून वाडीनं कायदाच केला: मामा म्हणतील त्याच्या उलट धरायचं.

त्या वर्षी मे महिन्यात आम्हाला गावी देवाला कोंबडा द्यायचा होता, सासूबाईंचा नवस होता. मी मामांच्या ओसरीवर गेले आणि एक ठिपक्यांचं पिल्लू उचललं.

"वैनी, ती तलंग आहे. नवसाला चालायची नाय."

"तलंगच ना? नक्की ना मामा?"

"शंभर टक्के!"

"मग हाच द्या!"

तो पठ्ठ्या एस.टी.त पनवेलपासून जो आरवायला लागला तो गाव येईपर्यंत. कंडक्टर कावला. मी म्हटलं, "ओरडू दे हो, त्याच्या आरवण्यावर आमचा नवस आहे!"

*

आमचे हे महाबिलंदर. एकदा त्यांनी एकच पिल्लू मामांना सकाळी दाखवलं आणि संध्याकाळी पुन्हा दाखवलं. सकाळी मामा म्हणाले कोंबडा, संध्याकाळी म्हणाले तलंग. वाट लागली! आता उलट धरायचं तरी कशाच्या? वाडीत दोन तट पडले, दोन दिवस भांडणं. तिसऱ्या दिवशी मुंगसानं ते पिल्लूच नेलं. बरं झालं, नाहीतर काय निघालं असतं कोण जाणे!

*

आता शेवटचा सांगते, आणि मग तुम्ही चहा टाका.

आमच्या शेजारी परबकाकी. तोंडानं आग! त्यांची सून सुशीला, गरीब गाय. पदरात दोन मुली आणि तिसऱ्यांदा दिवस गेलेले. काकींनी विहिरीवर सगळ्यांदेखत सांगून टाकलं होतं, "माका नातू होयो. परत चेडू झाला तर हिका गावाक धाडतलंय आणि झिलाचा दुसरा लगीन करतलंय." चेडू म्हणजे मुलगी, झील म्हणजे मुलगा. नवरा आईपुढे मांजर. सहावा महिना लागला तरी सुशीला भरलेले हंडे वाहत होती. एकदा माझ्यापाशी रडली, म्हणाली, "शालू, मुली माझ्याजवळ ठेवतील का गं?" मला इतका राग आला त्या म्हातारीचा! पण करणार काय? मी तरी कुठली मोठी लागून गेले होते?

एका रविवारी काकी विहिरीवरून सुशीलाला घेऊन मामांच्या ओसरीवर हजर. मामा दाणे टाकत होते. सगळी वाडी गोळा झाली.

"सांग रे पास्कू, काय दिसता तुका? झील काय चेडू?"

मामांनी सुशीलाकडे पाहिलं. तिच्या कमरेवर भरलेला हंडा होता, त्याच्याकडे पाहिलं. दाण्याची वाटी खाली ठेवली.

"सांगतो काकी. पण एक अट. माझा शब्द खरा ठरला तर सुनेला या घरातनं हलवायचं नाय. दुसऱ्या लग्नाचं नाव काढायचं नाय. देवाची शपथ घ्या."

काकी खो-खो हसल्या. "तुझो शब्द? आणि खरो? घेतलंय शपथ! गावच्या देवाची शपथ! तुझो शब्द खरो झालो तर सुनेक जन्मभर डोक्यावर घेऊन नाचान!"

"सगळ्यांनी ऐकलं ना?" मामांनी विचारलं.

"ऐकलं!" आम्ही ओरडलो.

"मुलगी," मामा म्हणाले.

काकींचा चेहरा असा फुलला म्हणून सांगू! त्यांनी सुशीलाच्या कमरेवरचा हंडा काढून स्वतःच्या कमरेवर घेतला. त्या दिवसापासून सुशीलाला रोज दूध, अंडं, दुपारची झोप. तीन महिन्यांत सुशीला अंगानं अशी भरली की ओळखू येईना.

आणि मग सुशीलाला मुलगी झाली.

काकी इस्पितळातून आल्या त्या थेट ओसरीवर. मागोमाग आम्ही सगळ्या.

"पास्क्या! चेडू झाला रे!"

"मग मी काय बोललो होतो काकी?"

काकींनी आमच्याकडे पाहिलं. आम्ही बाकीच्या सात खोल्यांतल्या सात जणी पदर खोचून उभ्या. कुणी हललं नाही. मग काकी वळल्या, विहिरीवर गेल्या, आणि सुनेच्या वाटणीचं पाणी शेंदायला लागल्या.

मामांच्या हातात तेव्हा नव्या खेपेचं एक पिल्लू होतं. मी जवळ गेले. "मामा, हे काय आहे हो? कोंबडा की तलंग?"

मामांनी पिल्लू खाली सोडलं, वाटी उचलली आणि दाणे टाकत म्हणाले, "वैनी, मला काय कळतं त्यातलं!"