मोठ्या बाईंची मालगाडी

मोठ्या बाईंच्या नजरेतून पास झालेला माणूस मी अजून पाहिला नाही. तपासणीला साहेब आले की बाई चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढून त्यांच्याकडे असं बघत, की साहेब आपोआप स्वतःच्या शर्टाची बटणं चाचपायला लागत. आम्हा शिक्षिकांचं तर सोडाच. माझ्या फळ्यावरच्या लिखाणाकडे बघून त्या भर वर्गात म्हणाल्या होत्या, "शालूबाई, हे अक्षर आहे का कोंबडीनं उकरलंय?"

त्यांचं नाव बेबीनंदा. पण वडीगोद्रीत त्या नावानं हाक मारायची छाती एकाच माणसाची होती, त्यांच्या नवऱ्याची. राजानंददादा रेल्वेत ड्रायव्हर. जन्मभर मालगाड्या चालवल्या आणि रिटायर होऊन आले कुठं, तर जिथं रुळाचा तुकडासुद्धा नाही अशा वडीगोद्रीत. बायकोची शाळा इथं होती म्हणून. मग करमणार कसं? मागच्या खोलीत प्लायवूड अंथरून त्यांनी बोटभर रुंदीचे रूळ टाकले, इंजिनं नि डबे मागवले, पुठ्ठ्याचं स्टेशन केलं आणि त्यावर पिवळ्या पाटीवर काळ्या अक्षरांत 'वडीगोद्री' लिहिलं. लोक येऊन बघायचे, "शेवटी आली की आपल्याकडं रेल्वे!" म्हणून हसायचे. बाई त्या खोलीचा उंबरा ओलांडत नसत. "म्हातारपणी माणसाचं पोर होतं म्हणतात. आमच्या घरात पुरावा आहे," असं त्या दादांच्या तोंडावर आल्यागेल्याला सांगत. दादा ऐकू न आल्यासारखं करून तोंडानं शिट्टी वाजवत.

गेल्या वर्षी दादांना लकवा मारला. जीव वाचला, पण उजवा हात लोंबता राहिला, जीभ जड झाली. प्रयत्न केला तर बोललेलं कळत होतं, पण दादा प्रयत्नच करीनात.

गाडी चालवायचं यंत्र दोन हातांचं. एका हातानं ते धरायचं, दुसऱ्यानं त्याची चकती हळूहळू फिरवायची. दादांनी एकदा ते मांडीवर ठेवून डाव्या हातानं चकती फिरवली. ती फिरली एकदम, इंजिन वळणावर सुसाट सुटलं आणि थेट फरशीवर आदळलं. दादांनी बटण बंद केलं, दार ओढून घेतलं आणि त्या दिवसापासून ओट्यावर बसून हायवेवरचे ट्रक बघायला लागले.

बाईंनी पहिल्यांदा उंबरा ओलांडला तो ते इंजिन उचलायला. "रूळ कडेला कशाला नेले? अक्कल नको?" असं रिकाम्या खोलीला सुनावून त्यांनी पुण्याच्या पोराला, संघपालला, फोन लावला.

तो म्हणाला, "आई, त्या यंत्राला कॉम्प्युटर जोडला की गाडी मोबाइलवरून चालते. एका अंगठ्यानं. सॉफ्टवेअर फुकट मिळतं. जुन्या लॅपटॉपमध्ये मी विंडोजऐवजी लिनक्स टाकून दिलं होतं ना, त्यावर चालेल. पण तुला नाही जमायचं. मी सुट्टीत येतो."

"तुझे वडील सुट्टी बघून आजारी पडले का रे?" म्हणून बाईंनी फोन ठेवला. 'तुला नाही जमायचं' हे त्यांना आजवर कुणी म्हटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मला बरोबर घेऊन त्या हायवेवरच्या कल्याणच्या कॉम्प्युटर क्लासात गेल्या. कल्याण त्यांचाच विद्यार्थी. बाहेर स्वतःच्या फोटोचा मोठा फ्लेक्स, आत तीन खुर्च्या, त्यातली एक मोडकी. त्यानं लॅपटॉप उघडला, दोनचार बटणं दाबली आणि चेहरा डॉक्टरसारखा गंभीर केला.

"बाई, हे लिनक्स हाय. याच्यावर काहीच चालत न्हाई. हे बिलकुल काढून टाकू, विंडोज टाकू."

"तुला येत नाही का हे?"

"यायचं काय त्यात? कुणीच वापरत न्हाई हे."

बाईंनी चष्मा खाली ओढला. "पाचवीत तुला भागाकार येत नव्हता. म्हणून आपण पुस्तकातून भागाकार काढून टाकला होता का?"

कल्याण हसला. आपला अपमान झालाय हे त्याला कळलंच नाही. बाईंनी लॅपटॉप मिटला आणि रस्त्यात मला म्हणाल्या, "हा पोरांना शिकवतो. गावाचं वाटोळं उगाच होत नाही."

मग त्या स्वतःच बसल्या. मला बोलावलं ते मदतीला नव्हे, ऐकून घ्यायला. सूचना इंग्रजीत होत्या. पहिल्यांदा सॉफ्टवेअर उतरवून घेतलं तर ते उघडेना. खाली कुठंतरी लिहिलेलं सापडलं की आधी जावा नावाचा दुसरा प्रोग्राम लागतो.

"डाळ आदल्या दिवशी भिजत घाला, हे वरण वाढताना सांगतायत," बाई म्हणाल्या. "कुणी लिहिलंय हे? याला सातवीत बसवायची नाही मी."

पडद्यावरच्या काळ्या खिडकीत हुकूम टाइप करायचे होते. पासवर्ड मागितला, तर टाइप केलेलं एकही अक्षर दिसेना. "लाजतंय का हे?" करत त्यांनी तो तीनदा लिहिला. जावा बसलं. सॉफ्टवेअर उघडलं. त्यांनी यंत्राची वायर लॅपटॉपला जोडली, यादीतून यंत्राचं नाव निवडलं, आणि पडद्यावर लाल अक्षरं आली. परवानगी नाकारली.

बाई त्या अक्षरांकडे बघतच राहिल्या. उभ्या हयातीत दुसऱ्यांचे रजेचे अर्ज त्याच नाकारत आल्या होत्या. "मला? माझ्या घरात? हा कोण परवानगी देणारा?"

मी म्हटलं, "बाई, सुट्टीत संघपाल येईलच की."

माझ्याकडे त्यांनी जे बघितलं, त्यानंतर मी फक्त चहा करायचं काम केलं.

दोन दिवस त्यांनी वाचलं, जगाला नावं ठेवत वाचलं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांना उमगलेलं मला सांगितलं. लिनक्समध्ये वायरीतून बाहेरच्या यंत्राशी बोलायचा हक्क एका गटाला असतो. त्या गटाच्या पटावर आपलं नावच नव्हतं. त्यांनी हुकूम देऊन नाव घातलं. तरी पुन्हा तीच लाल अक्षरं.

"आता काय झालं?" मी विचारलं.

बाईंनी पुढची ओळ वाचली आणि पहिल्यांदाच त्यांच्या तोंडून त्या सूचनांबद्दल बरा शब्द निघाला. "नाव पटावर घातलं तरी एकदा वर्गाबाहेर जाऊन परत आत यावं लागतं. हे मात्र बराबर आहे." लॉगआउट करून त्या लॅपटॉपमधून बाहेर पडल्या आणि पुन्हा आत शिरल्या. लाल अक्षरं गेली.

मोबाइल जोडला. पडद्यावर बोटानं वर-खाली करायची पट्टी आली. बाईंनी ती वर सरकवली. इंजिन हललं, डब्यांना धक्का देत मागं निघालं, उलटं स्टेशनात शिरलं.

"उ... उलटी चाल्ली!" दारातून आवाज आला. दादा काठी टेकत उभे होते. "सिग... सिग्नल लाल हाय ना म्याडम! काय करून राह्यल्या?"

"मंग तुम्ही चालवा!" बाईंनी मोबाइल त्यांच्या डाव्या हातात कोंबला. "फुकटची हमाली करतेय मी, वर बोलणी!"

दादांनी अंगठा पट्टीवर ठेवला. गाडी थांबली, जराशी हिसडली आणि पुढं निघाली. वळणावर बाई पुटपुटल्या, "चालवा की जल्दी, बैलगाडी आहे का?"

"लोड गाडी हाय," दादा म्हणाले. "लोड गाडी... अशीच काढाय लागती."

दवाखान्यातून आल्यापासून दादा एवढं कधी बोललेच नव्हते. बाईंनी ते ऐकलं आणि वायर सरळ करायचं निमित्त करून टेबलाखाली वाकल्या. बराच वेळ वाकून होत्या.

आता रोज रात्री जेवणं झाली की दादा मोबाइल घेऊन ड्रायव्हर आणि बाई लॅपटॉपवर रुळांचे सांधे बदलायला. भांडण गल्लीत ऐकू जातं. दादांचा हात सुधारला नाही, पण शिव्या घालण्यापुरती जीभ मोकळी झाली आहे. कल्याण एकदा बघायला आला, गाडीचा व्हिडिओ काढून 'आमच्या मार्गदर्शनाखाली' म्हणून स्टेटसला लावला. बाईंनी त्याला ओट्यावर उभं करून तो व्हिडिओ पुसायला लावला, आणि वर भागाकाराचं एक गणितही घातलं. त्याचं उत्तर चुकलं.

परवा गेले तर दादा शहागडपर्यंत रूळ वाढवायचं म्हणत होते, गोदावरीवर पूल टाकून. बाई खाली बसून कात्रीनं पुठ्ठा कापत होत्या.

"बघ शालू," मला म्हणाल्या, "पूल म्हणे हा. उलटी बाज दिसतेय. आणि हा पुठ्ठा मध्ये धरून ठेव जरा, तिथं मला नीट कापायचंय."