लेओनच्या चर्चला टेकू

थर्माकोल जळल्याचा वास आला की रायपूर छत्तीसगडची राजधानी झालं त्या वर्षीची आमची ओसरी डोळ्यांपुढे येते. बाबांची गणपतीची मखरं आमच्या अख्ख्या ब्राह्मणपारा मोहल्ल्यात नावाजलेली, म्हणून माझी धाकटी चुलतबहीण शाळेच्या प्रदर्शनासाठी स्पेनमधल्या लेओनच्या गॉथिक कॅथेड्रलचा फोटो घेऊन थेट त्यांच्याकडे आली. आठवडाभर दोघं तापल्या तारेने उंच टोकदार कमानी कापत होती, खिडक्यांना रंगीत जिलेटिन कागद चिकटवत होती, आणि बाबा तिच्याशी इतकं बोलत होते की मला तिथे बसवत नव्हतं. मला त्यांच्याकडे काही मागायला कधी जमलंच नव्हतं. शेवटी छत ठेवलं आणि भिंती बाहेर झुकल्या. “काका, ये तो गिर रहा है!” ती ओरडली. “मखर कधी पडत नाही, हे काहून पडून राहिलं?” बाबा चक्रावले. लायब्ररीत त्या चर्चबद्दल सगळं वाचून बसलेली मी पुटपुटले, “मखर मागच्या भिंतीला टेकलेलं असतं, बाबा. हे मोकळं उभं आहे. त्या लोकांनी भिंतीत काचाच काचा बसवल्या, मग छताचा रेटा पेलायला बाहेरून दगडी कमानींचे टेकू दिले.” टेकू लावले, छत बसलं. “दीदी, पहले क्यों नहीं बोली?” ती म्हणाली. बाबा माझ्याकडे बघतच राहिले. “आता तुले काय बनवून देऊ, सांग.” तिच्यानंतर, तिच्यादेखत विचारलं, म्हणून मी “काही नको” म्हणाले आणि आत गेले. त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही. विचारलं तर काय सांगायचं, ते मात्र माझं आजही ठरलेलं आहे.