चाटूवर न बसणारी गाणी

ताकोमायू गावात बेनिग्ना आरिस्पेच्या गुत्त्यावर पांढरं निशाण चढलं, म्हणजे मक्याची ताजी दारू, चिचा, तयार झाली, की खोऱ्यातले निम्मे थापाडे तिच्या दारात हजर. आणि हे काही साधेसुधे थापाडे नव्हेत. चाकोच्या लढाईत पाराग्वायवाल्यांनी धरून नेलेले, दोन-दोन वर्षं तिकडे खडी फोडून परत आलेले थापाडे. बेनिग्नाचा नियम सगळ्यांना पाठ होता. कैदेत रचलेलं गाणं जो म्हणून दाखवील त्याला एक मडकं चिचा फुकट. फुकट म्हटल्यावर काय विचारता! पहिल्याच दिवशी हात वर करून बसलेल्या शूरवीरांनाही एकदम सतरा-सतरा गाणी आठवायला लागली.

बेनिग्नाला हवं होतं एकच गाणं, तिच्या भावाचं. आई लवकर गेल्यावर ती आणि सेनोन मिळून गुत्ता चालवायचे. ती कढईत चाटू फिरवायची आणि तो चुलीत लाकडं सारत त्या फिरण्यावर चाली बसवायचा. सहा फेरे सरळ, सातवा उलटा. तसं केलं नाही तर तळ करपतो. सेनोनची प्रत्येक चाल सातव्या फेऱ्याला अशी उलटी वळायची, आणि शब्द म्हणाल तर गावातल्या एकालाही सोडायचा नाही. पाद्रीसुद्धा त्याच्या टोमण्यांना भिऊन असायचा. एकोणीसशे चौतीस साली त्याला लढाईवर नेलं, आणि पुढच्या वर्षी कैदेतून पेन्सिलीनं लिहिलेल्या चार ओळी आल्या. ‘तुझ्यासाठी गाणं रचलंय. कागदावर पाठवू देत नाहीत. कासियानो तोंडी आणेल.’ त्यानंतर आली ती तो गेल्याची बातमी.

छत्तीस साली कासियानो आला. पठारावरच्या ओरुरोचा, लांब नाकाचा, हाडांचा सापळा झालेला शिंपी. सेनोनच्या शेजारच्या फळीवर झोपायचा, शेवटचं पाणी यानंच पाजलं होतं. बेनिग्नानं त्याला जेवू घातलं, आणि हात पुसून समोर बसली. म्हणाली, आता गाणं म्हणा. कासियानोनं खाली बघून सांगितलं, गाणं-बिणं काही नव्हतं, तापात बरळला असेल.

आणि हा बहाद्दर परत ओरुरोला गेला नाही. ताकोमायूतच चौकात शिलाईचं दुकान टाकलं आणि सहा महिन्यांनी बेनिग्नाला मागणी घातली. माणूस तिला आवडलेला होता, हे शेजारपाजारच्या आंधळ्यालाही दिसत होतं. पण ती नाही म्हणाली. ज्याला माझ्या मरत्या भावाची एक ओळ लक्षात ठेवता आली नाही, तो माझं काय लक्षात ठेवणार, असं तिनं त्याला तोंडावर सुनावलं. पुढे ना तिनं लग्न केलं, ना त्यानं. चौकातून जाताना ती ‘मास्तर’ म्हणायची, तो टोपी काढायचा. एवढाच संसार.

सेनोनचं गाणं दुसऱ्या कुठल्या तरी कैद्यानं ऐकलं असेल, या आशेनं मग सुरू झालं ते फुकट चिचेचं. एका महाभागानं चर्चमधलं स्तोत्र उलटं करून म्हटलं. दुसऱ्यानं रेडिओवरचा टँगो ऐकवला, आणि तो कैदेत आपणच रचल्याची शपथ घेतली, तीही आईची. बेनिग्ना कुणाशी वाद घालत नसे. कढईशी उभी राहायची, म्हणा म्हणायची आणि गाण्याबरोबर चाटू फिरवायची. सातव्या फेऱ्याला चाटू अडला की दाराकडे बोट. काही जण तर रचायचं आधी आणि प्यायचं नंतर एवढाही क्रम पाळत नसत.

पण सगळेच भामटे नव्हते. कधीकधी दोन निरनिराळ्या गावचे, एकमेकांचं तोंडही न पाहिलेले दोन म्हातारे एकच चाल म्हणायचे. तेव्हा तिला कळायचं, ही खरी. चाटूवर बसत नाही म्हणजे सेनोनची नाही, पण दुसऱ्या कुणाच्या तरी पोराची आहे. मग ती रचणाऱ्याचं नाव-गाव विचारून घ्यायची आणि बाजाराच्या दिवशी त्या गावच्या बाईला गाठून चाल तिच्या कानात घालायची. अशा अकरा चाली तिनं ज्याच्या त्याच्या घरी पोचवल्या. लिहितावाचता न येणारी चिचावाली ती, तिला कोण संशोधक म्हणणार? तो मान कर्नलसाहेबांसाठी राखून ठेवलेला होता.

लढाई थांबून पन्नास वर्षं झाली म्हणून पंच्याऐंशीच्या जूनमध्ये चौकात मांडव पडला. निवृत्त कर्नल एत्सालार कोटभर पदकं लावून आले. तेही कैदेत होते बरं का! फक्त साहेब लोकांची कैद वेगळी होती. शिपाई खडी फोडत होते तेव्हा साहेब कुणाच्या तरी दिवाणखान्यात पियानो वाजवत होते आणि रोज गाईचं मटण खात होते. तर अशा या हालअपेष्टांतून त्यांनी म्हणे ‘कैद्यांचं अमर गीत’ शोधून काढलं होतं, आणि योगायोग बघा, ते रचलंही त्यांनीच होतं. निवेदकानं छाती फुगवून सांगितलं, की रोज संध्याकाळी सूर्य बुडताना सगळे कैदी हेच गीत एकसुरात गात असत. मग बँडनं ते वाजवलं. पाव तास. शाळेची पोरं उन्हात चक्कर येऊन पडली, त्यालाही कुणीतरी देशभक्तीच म्हटलं.

बेनिग्ना सत्तरीला आली होती. ती पहिल्या रांगेसमोर जाऊन उभी राहिली. व्यासपीठावर माजी कैद्यांच्या संघाचा अध्यक्ष म्हणून कासियानो बसला होता. त्यानं उठून, हे गीत आम्ही गात होतो, अशी साक्ष द्यायची होती. कार्यक्रमपत्रिकेवर तसं छापलंच होतं.

“मास्तर, तुम्ही होतात तिथं,” ती म्हणाली. “खरं सांगा. संध्याकाळी हे गात होता तुम्ही?”

कासियानो उठला. कर्नलकडे बघितलं, मग तिच्याकडे.

“नाही,” तो म्हणाला. “संध्याकाळी आम्ही उवा मारत होतो.”

चौकात असा हशा उठला की कर्नलसाहेबांची पदकं वाजली. निवेदकानं घाईघाईनं बँडला खूण केली, आणि बिचाऱ्या वाजवणाऱ्यांना ते अमर गीत आणखी पाव तास वाजवावं लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कासियानो गुत्त्यावर आला. एकोणपन्नास वर्षांत पहिल्यांदा. बेनिग्ना कढईशी होती. तो बसला नाही. म्हणाला, काल सगळ्या गावासमोर एक खरं बोललो, तेव्हा आता दुसरंही बोलून टाकतो. गाणं होतं. आणि टोपी छातीशी धरून, फाटक्या आवाजात त्यानं म्हणायला सुरुवात केली.

“दारी येईल लांब नाकाचा, बूट पायात माझे,
घोरला की पहारा पळतो, वाटे तोफच गाजे.
पाव माझा चोरून खाल्ला, लागला बोटं चाटू,
असला मेला दारी आला, घे बाई हाती चाटू.”

बेनिग्नाचा हात फिरत होता. सहा सरळ, सातवा उलटा. कुठंही अडला नाही. दुसऱ्या खेपेला ती हसायला लागली, आणि हसता हसता डोळे पुसायला लागली.

“पाव खरंच चोरलात?”

“त्यानं दिला. बूटही त्यानंच दिले. त्याला गिळता येत नव्हतं तेव्हा, उठताही येत नव्हतं. माझ्या वाटचा खा, नाहीतर गाणं कोण नेणार, म्हणाला. आणि मग हे शिकवलं.” कासियानोनं टोपी हातात फिरवली. “हे तुला कसं म्हणून दाखवणार होतो मी? मला तर दारात तुला बघितल्यापासून तुझ्याशी लग्न करायचं होतं.”

चाटू थांबला.

“अरे मूर्खा,” बेनिग्ना म्हणाली, “आमच्या खोऱ्यात भाऊ बहिणीच्या होणाऱ्या नवऱ्याला असंच घरात घेतो. चारचौघांत त्याची खोडी काढणारं गाणं म्हणतो. ज्याला शिव्या पडत नाहीत, त्याला मुलगी देत नाहीत.”

“कळलं होतं मला.”

“कधी?”

“तीन वर्षांनी. बेकरीवाल्याच्या मुलीचं लग्न झालं, तिथं ऐकलं. पण तोवर तुला सांगून बसलो होतो, की गाणं नव्हतं म्हणून. खोटारडा म्हणशील या लाजेनं नाही आलो. एक वर्ष गेलं, मग दहा गेली. लोक खोटी गाणी घेऊन तुझ्या दारात यायचे, ते मी दुकानातून बघायचो.”

तळाशी मका लागल्याचा वास यायला लागला होता. इतक्या वर्षांत तिच्या कढईला तसा वास कधी आला नव्हता. तिनं चाटू बाजूला ठेवला.

“कासियानो, त्या दिवशी मी गाणं म्हणा म्हणाले तेव्हा हे म्हटलं असतंस ना,” ती म्हणाली, “तर तुला मागणी घालावीच लागली नसती. भावानं दिलेला नवरा म्हणून मी तुला त्या रात्री परत जाऊच दिलं नसतं.”

कासियानोनं टोपी डोक्यावर घातली, पुन्हा काढली. मग वाकून चुलीतली जळती लाकडं बाहेर ओढली.